जीमूतवाहन आणि शिलाहारांची वंशकथा

पौराणिक वंशावळीतील दुय्यम राजाचे नातेगोते स्थिर नसते. ज्यांना त्याचा वारसा हवा असतो, ते ते बदलून घेतात. ग्रीक पुराणकथेतील क्सूथस राजा हे याचे बोलके उदाहरण होय. हेसिअडच्या नावावर असलेल्या वंशकाव्यात डोरस हा क्सूथसचा भाऊ, तर आयन हा त्याचा पुत्र आहे. युरिपिडीसच्या ‘आयन’ नाटकात मात्र आयनचा जनक अपोलो ठरतो आणि डोरस क्सूथसचा भावी पुत्र होतो. या फेरफाराने अथेन्सकरांच्या आयोनियन कुळास दैवी पितृत्व लाभले व डोरियन कनिष्ठ ठरले.

ठाण्याच्या शिलाहारांची कुलकथा याच दृष्टीने तपासावयास हवी. वर्तकनगरादी वसाहतींनी विस्तारलेले आजचे ठाणे हेच त्यांचे श्रीस्थानक. छित्तराजाच्या भांडुप ताम्रपटात (शके ९४८, इ. स. १०२६) वंशाचा आरंभ जीमूतकेतूचा पुत्र विद्याधर जीमूतवाहन याच्यापासून केला आहे. हर्षाच्या ‘नागानंदा’त व सोमदेवाच्या ‘कथासरित्सागरा’त हा राजपुत्र शंखचूड नागाऐवजी वध्यशिलेवर बसून गरुडास आपला देह अर्पण करतो. पिता जीमूतकेतू, पत्नी मलयवती, मेहुणा मित्रावसू हा परिवार दोन्हीकडे आहे. पुढील वंशविस्तार मात्र कथेचा विषय नव्हे. ती मोकळी जागा शिलाहारांनी भरली.

हा सांधा शब्द व चिन्ह या दोहोंनी जुळविला आहे. ‘शिलेवरील आहार’ अशी कुलनामाची फोड केली जाते. परंतु या अर्थाने ते नाव बळीचे होईल, त्याच्या वंशजांचे नव्हे. शिवाय लेखांत ‘सिलार’, ‘शैलाहार’ अशीही रूपे येतात. हकारलोपामुळे ‘शिलाहार’पासून ‘सिलार’ होणे शक्य असले, तरी ‘सिलार’चे संस्कृतीकरणही तितकेच शक्य आहे. म्हणून ही फोड व्युत्पत्ती न मानता नामास मागाहून दिलेला अर्थ मानणे अधिक युक्त. ‘सुवर्णगरुडध्वज’ या बिरुदाचेही तसेच. पूर्वजाचा भक्षक ध्वजावर का, या प्रश्नाचे उत्तर कथेत मिळत नाही. शिलाहारांचे अधिराज असलेल्या राष्ट्रकूटांच्या मुद्रेवरही गरुडच होता, हे येथे ध्यानात घ्यावे लागते.

तथापि कथेस केवळ भाटगिरी म्हणून बाजूस सारता येत नाही. हे ताम्रपट दानपत्रे आहेत. भूमी देणाऱ्या राजाने आरंभी दिग्विजयी वीराऐवजी स्वतःचा देहच देणाऱ्या पूर्वजाचे स्मरण करावे, यात निश्चित औचित्य आहे. अशा वंशावळीचे प्रामाण्य रक्तसंबंधात नसून या निवडीत शोधावयाचे असते.