नकाराचे शेपूट पुढे असते

आमच्या शाळेतले इंग्रजीचे मास्तर वर्गात पाहुणे आले की मला उभं करीत. मी छाती पुढे काढून एका दमात म्हणत असे, ‘अँटिडिसएस्टॅब्लिशमेंटेरियनिझम!’ पाहुणे चकित, मास्तर कृतार्थ. अर्थ कुणीच विचारीत नसे. पाहुण्यांना तो ठाऊक नसावा आणि मास्तरांना विचारण्याची आमची छाती नव्हती.

पुढे नोकरीला लागल्यावर मी या अठ्ठावीस अक्षरी अजगराला एकदा उलगडून पाहिलं, आणि काय सांगू, इतका गरीब प्राणी दुसरा नाही! इंग्लंडात चर्चला सरकारी धर्मसंस्थेचा मान आहे, ती त्यांची ‘एस्टॅब्लिशमेंट’. तो मान काढून घ्यायचा म्हणजे ‘डिस’. काढून घ्यायला विरोध करायचा म्हणजे ‘अँटि’. पुढचं सगळं शेपूट म्हणजे अशी मतं बाळगणं. एकोणिसाव्या शतकात या प्रश्नावर तिकडे खरीखुरी भांडणं झाली. आयर्लंडमधल्या चर्चचा मान १८६९ च्या कायद्यानं गेला, वेल्समधला १९२० साली. इंग्लंडातला अजून शाबूत आहे, म्हणजे अँटिवाले तिथे जिंकले म्हणायचे. आमच्या कचेरीच्या भाषेत सांगायचं तर आस्थापना शाखा बंद करू नका म्हणणारा, तो हा. कांद्यासारखा एकेक पापुद्रा काढत जा, अर्थ आपोआप हाती येतो. कुठे फसवाफसवी नाही.

फसवतात ते बुटके शब्द.

नुकतं लग्न झालं होतं. कपाटाला व्हार्निश लावायचं म्हणून मी एक डबा आणला आणि स्वयंपाकघरात पेटत्या स्टोव्हशेजारी ठेवला. बायको ओरडली, “अहो, तो उचला आधी!” मी शांतपणे डब्यावरचं ‘इन्फ्लेमेबल’ तिला वाचून दाखवलं. म्हटलं, “करेक्ट म्हणजे बरोबर, इनकरेक्ट म्हणजे चूक. तेव्हा हे न पेटणारं आहे.”

“पेट्रोलच्या टँकरवर हाच शब्द असतो,” ती म्हणाली. “मग काय टँकरमधून पाणी नेतात?”

डबा मी उचलला. व्याकरण मात्र तिथेच पडून राहिलं. हा ‘इन’ नकाराचा नाहीच मुळी. लॅटिनमधला ‘आत’ या अर्थाचा ‘इन’ आहे तो, आग लावण्याच्या क्रियापदाला चिकटलेला. माझ्यासारखे पदवीधर जळून मरतील या भीतीनं अमेरिकेतल्या नॅशनल फायर प्रोटेक्शन असोसिएशननं १९२० च्या दशकात हा ‘इन’ छाटून नुसतं ‘फ्लेमेबल’ लिहिण्याचा आग्रह धरला. ज्या शब्दावर माणसाचा जीव अवलंबून, त्यानं असं दुतोंडी असावं हा मला शुद्ध गुन्हा वाटतो. आपल्याकडचे टँकर अजून जुन्याच शब्दाला धरून आहेत. सुदैवानं ते वाचायला थांबण्याइतका वेळ मागच्या वाहनाला नसतो.

‘डिसग्रंटल्ड’चीही तीच गत. नाराज माणूस जर डिसग्रंटल्ड, तर खूश माणूस ‘ग्रंटल्ड’ असणार, हा विनोद वुडहाऊसनं १९३८ सालच्या ‘द कोड ऑफ द वूस्टर्स’मध्ये केला आणि तो लोकांना फार आवडला. प्रत्यक्षात ‘ग्रंटल’ म्हणजेच कुरकुरणं. त्यातला ‘डिस’ नकार देत नाही, कुरकुर आणखी चढवतो.

पण इंग्रजांना हसताना जरा जपून. वेदांतला ‘असुर’ हा मुळात मानाचा शब्द, वरुणासारख्या देवालाही तो लावलेला आहे. त्यातला ‘अ’ नकाराचा नव्हे. पुढे कुणा चतुरानं तो नकार समजून काढून टाकला आणि उरलेल्या ‘सुर’ला देव करून बसवलं! म्हणजे वुडहाऊसनं जे गमतीनं केलं, ते आपण आधीच करून त्याची पूजाही सुरू केली होती. आणि आपलं ‘अचपळ’? ते काय मंद माणसाला म्हणतात? घरातल्या ज्या पोराच्या अंगात वारं भरलेलं असतं, त्याला म्हणतात.

आता माझं खरं दुखणं सांगतो. एका वर्षी आस्थापना शाखेतल्या मित्रानं कानात सांगितलं, “साहेबांनी तुझ्या गोपनीय अहवालात ‘डिसइंटरेस्टेड’ लिहिलंय.” मी कोश काढला. निःपक्षपाती, निःस्वार्थी! संध्याकाळी घरी पेढे नेले. महिन्याभरानं बढतीची यादी लागली, तीत मी नव्हतो. चौकशीअंती कळलं, साहेबांना म्हणायचं होतं ‘अनइंटरेस्टेड’, म्हणजे कामात लक्ष नसलेला. एका उपसर्गाच्या चुकीनं माझे पेढे आणि साहेबांच्या मतानं माझी बढती, दोन्ही गेली.

साहेबांच्या अगाध इंग्रजीची ही गोष्ट मी पुढे कितीतरी वर्षं लोकांना रंगवून सांगत असे. निवृत्तीनंतर एकदा वाचनालयात मोठा कोश चाळताना दिसलं, की सतराव्या शतकाच्या सुरुवातीला जॉन डननं हा शब्द साहेबांच्याच अर्थानं वापरला होता. ‘अनइंटरेस्टेड’चा अर्थ तेव्हा निःपक्षपाती होता. दोन शब्दांनी मध्यंतरी एकमेकांचे सदरे बदलले. मी उतरल्या चेहऱ्यानं घरी येऊन बायकोला हे सांगितलं.

“म्हणजे साहेबांचं इंग्रजी बरोबर होतं तर,” ती भाजी निवडत म्हणाली.

“एका अर्थी.”

“इंग्रजीचं राहू द्या. पण ते लिहिलं होतं, ते खरं होतं की नाही?”

मी म्हटलं, अगदीच खोटं नव्हतं म्हणता येणार नाही. ती अजून त्याचा अर्थ लावते आहे.