निगम : आपल्या समीक्षेतून निसटलेले एक स्थळ

मानवत हे नाव परभणी जिल्ह्याबाहेर उच्चारले की वयस्क श्रोत्याच्या मुद्रेवर एक ठराविक भाव उमटतो. १९७२ ते १९७४ या काळात तेथे गुप्तधनाच्या लोभातून व अंधश्रद्धेतून स्त्रियांचे आणि बालिकांचे जे खून झाले, ते महाराष्ट्राच्या स्मृतीत रुतून बसले आहेत. तपासाशी निगडित असलेले पोलीस अधिकारी रमाकांत कुलकर्णी यांच्या आत्मकथनावर आधारलेली मालिका २०२४ साली आली आणि ज्या पिढीला यातले काहीच ठाऊक नव्हते तिलाही मानवत त्याच एका अर्थाने परिचित झाले. मालिकेचे गुणदोष हा आमचा विषय नव्हे. परंतु एका गावाचे नाव एका खटल्याचे नाव व्हावे, ही गोष्ट समीक्षकाने विचारात घ्यावी अशी आहे. स्थळाला अर्थ कोण देतो? तेथे राहणारा, की दुरून पाहणारा?

हा प्रश्न पालि वाङ्मयास नवा नाही. महापरिनिब्बान सुत्तात आनंद तथागतांना विनवितो की, या क्षुद्र नगरात परिनिर्वाण होऊ नये. चंपा, राजगृह, श्रावस्ती, साकेत, कौशांबी, वाराणसी अशी महानगरे आहेत, तेथे व्हावे. कुसिनारेसाठी तो जी विशेषणे योजतो ती मोठी बोलकी आहेत : कुड्डनगरक, उज्जंगलनगरक, साखानगरक. म्हणजे मातीच्या भिंतींचे, उजाड माळावरचे, कोठल्यातरी मोठ्या नगराच्या फांदीसारखे गाव. तालुक्याच्या गावाचे इतके नेमके आणि इतके तुच्छतादर्शक वर्णन आधुनिक मराठीतही क्वचितच सापडेल! तथागत आनंदाला असे बोलण्यापासून परावृत्त करतात आणि याच ठिकाणी पूर्वी महासुदस्सन राजाची कुशावती नांदत होती, असे सांगतात. पुष्कळ भाष्यकार येथेच थांबतात. क्षुद्र गावाला वैभवशाली भूतकाळ बहाल केला की त्यांचे समाधान होते. आमचे मत थोडे वेगळे आहे. त्याच सुत्तात चार संवेजनीय स्थानांचा उल्लेख येतो. जन्म, संबोधी, धम्मचक्रप्रवर्तन आणि परिनिर्वाण यांची ती स्थाने आहेत, आणि त्यांत एकही महानगर नाही. ती स्थाने दर्शनीय ठरतात ती तेथे काय घडले यामुळे. कुशावतीचे सात तट तेथे उपयोगी पडत नाहीत.

आता आपल्या समीक्षेकडे वळू. दलित साहित्याच्या चर्चेत ‘गावकुसाबाहेर’ हा शब्द इतका रुळला आहे की तो विचाराऐवजी सवयीने येतो. बेबी कांबळे यांच्या ‘जिणं आमुचं’ (१९८६) मधील महारवाड्याला तो यथार्थ लागू पडतो, याबद्दल दुमत नाही. दुसऱ्या टोकाला महानगर आहे : नामदेव ढसाळांचा ‘गोलपिठा’ (१९७२), किंवा दया पवारांच्या ‘बलुतं’ (१९७८) मधला कावाखाना. गाव आणि महानगर या दोन खुंट्यांवर समीक्षेने सगळे टांगून ठेवले आहे. परंतु पालि परंपरेत गाम आणि नगर यांच्यामध्ये एक तिसरी संज्ञा आहे : निगम. निगम म्हणजे पेठ, बाजाराचे गाव. सुत्तांतून ‘गाम-निगम’ हा जोडशब्द पदोपदी येतो. हा तिसरा शब्द आपल्याजवळ नसल्यामुळे मोठा अनुभवप्रदेश आपल्या नजरेतून सुटला आहे, असे आम्हांस वाटते.

मानवत हे असे निगम आहे. कापसाची बाजारपेठ हीच त्याची ओळख. निजामी राजवटीत टाकलेल्या मनमाड–सिकंदराबाद लोहमार्गाने त्यास ‘मानवत रोड’ या नावाचे स्थानक दिले, पण ते गावात नाही, गावापासून दूर आहे. (रेल्वेच्या भाषेत ‘रोड’ याचा अर्थच मुळी ‘गाव अजून पुढे आहे’ असा होतो.) अशा पेठेत अस्पृश्यतेचे रूप खेड्यातल्यासारखे राहत नाही. कापसाची गाडी कोणाची, हे काटा विचारीत नाही. हमाल, गाडीवान, जिनिंगमधले मजूर, आसपासच्या खेड्यांतून आलेले शेतकरी एकाच रस्त्यावर वावरतात आणि हॉटेलात चहा मिळतो. तथापि येथे महानगराचे अनामिकत्वही नाही. ‘कुठले आपण?’ या प्रश्नामागून ‘तिथं कुठं राहता?’ हा दुसरा प्रश्न येतो, आणि त्याच्या उत्तरात जात सांगून होते.

हा दुसरा प्रश्न आपल्या वाङ्मयाने कसा हाताळला? बाबुराव बागुलांच्या ‘जेव्हा मी जात चोरली होती’ (१९६३) या शीर्षककथेत उधन्याला नोकरीस गेलेला नायक भाड्याच्या खोलीसाठी जात लपवितो आणि उघडकीस आल्यावर मार खातो. तेथे खोली म्हणजे केवळ निवारा नाही. ती मिळणे न मिळणे हाच कथेचा प्राण आहे. शरणकुमार लिंबाळे यांच्या ‘अक्करमाशी’ (१९८४) मध्ये एस. टी. स्थानकाच्या आश्रयाने राहणारे कुटुंब येते. ज्या जागेवर कोणाचीच मालकी नाही, तीच ज्याला कोठेच जागा नाही त्याला जवळची वाटते, हा या आत्मकथनाचा विलक्षण विशेष आहे. या दोन्ही कृतींची चर्चा जातीच्या अंगाने विपुल झाली, स्थळाच्या अंगाने फारच थोडी. स्थानकाला ‘पार्श्वभूमी’ म्हणून निकालात काढणाऱ्या समीक्षकाने ते पुस्तक अर्धेच वाचले, असे आम्ही म्हणू.

नाव देणे हा स्थळाला अर्थ देण्याचा सर्वांत जुना मार्ग आहे. बाबासाहेबांनी १९५० साली औरंगाबादेत महाविद्यालय सुरू केले. पुढे त्यास मिलिंद हे नाव मिळाले आणि परिसर नागसेनवन झाला. मराठवाड्यातील खेड्यापाड्यांतून आलेल्या विद्यार्थ्याचा पत्ता एका पालि ग्रंथातून यावा, ही घटना वाङ्मयीन दृष्ट्याही साधी नव्हे. त्याच शहरातील विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळात संमत झाला, तेव्हा परभणीसह मराठवाड्यात वस्त्या जळाल्या. नामविस्तार होण्यास १४ जानेवारी १९९४ उजाडावा लागला. विद्यापीठाची एक वीटही हलणार नव्हती. तरीही पंधरा वर्षांहून अधिक काळ लागला, यावरून नावाचे मोल कळते.

तालुक्याच्या गावोगावी भीमनगर, सिद्धार्थनगर, मिलिंदनगर झाली. येथे मात्र आपल्याला स्वतःलाच एक अप्रिय प्रश्न विचारला पाहिजे : नाव बदलले, वस्तीची दिशा बदलली काय? विनयपिटकातील सीमेचा विचार येथे उपकारक ठरतो. उपोसथासाठी भिक्षुसंघ स्वतः सीमा निश्चित करतो. पर्वत, पाषाण, वन, वृक्ष, मार्ग, वारूळ, नदी, जलाशय ही आठ निमित्ते, म्हणजे खुणा, सांगितल्या जातात. संघाची संमती घेतली जाते. आणि अशी सीमा विधिपूर्वक रद्दही करता येते. गावकूस याच्या नेमके उलट आहे. ते कोणाच्या संमतीने उभे राहिले नाही आणि बाहेर असलेल्याला ते रद्द करता येत नाही. वस्तीतला विहार आणि चौकातला पुतळा ही आम्हांस नवी निमित्ते वाटतात. पण दोहोंत भेद आहे. विहार बहुधा जुन्याच वस्तीत उभा राहतो. पुतळा सार्वजनिक रस्त्यावर जागा मागतो. म्हणूनच आघात बहुशः पुतळ्यावर होतो. परभणी रेल्वे स्थानकाजवळील पुतळ्यासमोरच्या संविधान-प्रतिकृतीची १० डिसेंबर २०२४ रोजी मोडतोड झाली; त्यानंतरच्या आंदोलनात अटक झालेल्या सोमनाथ सूर्यवंशी या कायद्याच्या विद्यार्थ्याचा १५ डिसेंबरला न्यायालयीन कोठडीत असताना मृत्यू झाला. ज्यांना स्थळ ही केवळ पार्श्वभूमी वाटते, त्यांनी ही दोन वाक्ये पुन्हा वाचावीत.

मिलिंदपञ्हात नागसेन एका धम्मनगराचे सविस्तर रूपक मांडतो. शीलाचा तट, ह्रीचा खंदक आणि ज्ञानाचे द्वार असलेल्या त्या नगरात फुलांची, सुगंधाची, फळांची, औषधांची, रत्नांची दुकाने आहेत. आदर्श नगर रचताना त्याने बाजार वगळला नाही. तेथे किंमत म्हणून कर्म द्यावे लागते. ग्राहक कोठे राहतो, हे कोणी विचारीत नाही. कापसाच्या पेठेत वाढलेल्या एखाद्या लेखकाने काटा, आडत, हमाली आणि तो दुसरा प्रश्न यांच्यासह आपले निगम लिहिले, तर त्याच्या हाती मानवतचे दुसरे नाव लागेल. ते पुस्तक आम्ही अद्याप वाचलेले नाही.