साखळी उपाहारगृहातील पिझ्झा : स्मरणरंजन आणि गुणवत्तेचा ऱ्हास

प्रास्ताविक

पिझ्झ्यासारखा विषय समीक्षेच्या कक्षेत आणणे सकृद्दर्शनी क्षुल्लक वाटण्याचा संभव आहे. तथापि अमेरिकेत ‘पिझ्झा हट’ या साखळी उपाहारगृहाच्या जुन्या पिझ्झ्याविषयी जो हळहळीचा सूर सातत्याने उमटत आला आहे, तो केवळ जिभेच्या चोचल्यांचा भाग नव्हे. मध्यम वयात पोहोचलेली एक पिढी आपल्या बालपणीचा पिझ्झा हरवल्याची तक्रार करते. तो पूर्वीसारखा लागत नाही, असे निक्षून सांगते. या तक्रारीला सामान्यतः दोन ठरावीक उत्तरे दिली जातात. कंपनीने खर्च वाचवण्यासाठी माल हलका केला, हे एक उत्तर. पिझ्झा तोच आहे, खाणाऱ्याचे वय तेवढे वाढले, हे दुसरे. पहिल्या उत्तरात सारा दोष वस्तूचा ठरतो, तर दुसऱ्यात स्मृतीचा. या दोन्ही उत्तरांतून एक मूलभूत प्रश्न निसटतो. ज्या वस्तूचे सारे मोल तिच्या एकसारखेपणात आहे, जी कालच्यासारखीच आज आणि इथल्यासारखीच तिथे मिळेल या हमीवर विकली जाते, ती वस्तू ‘हरवली’ असे म्हणण्याचा नेमका अर्थ काय? प्रस्तुत लेखात याच प्रश्नाचा विचार केला आहे.

लाल छपराचा उदय

१९५८ साली कॅन्सस राज्यातील विचिटा या शहरात डॅन आणि फ्रँक कार्नी या दोघा भावांनी आईकडून ६०० डॉलर उसने घेऊन एका लहानशा इमारतीत पिझ्झ्याचे दुकान थाटले. दोघेही तेव्हा विद्यार्थी होते. ती मूळ इमारत आज विचिटा राज्य विद्यापीठाच्या आवारात संग्रहालय म्हणून जतन केलेली आहे. दुकान उपजीविकेसाठी काढले गेले आणि साठ वर्षांनी त्याचे संग्रहालय झाले, ही घटनाच या विषयाचे सांस्कृतिक वजन दाखवून देण्यास पुरेशी आहे.

१९६९ पासून वास्तुविशारद रिचर्ड बर्क यांनी आखलेले उतरते लाल छप्पर या साखळीची ओळख बनले. १९७७ मध्ये ‘पेप्सिको’ने ती विकत घेतली. १९८० मध्ये खोलगट तव्यातील जाड पिझ्झा, म्हणजेच ‘पॅन पिझ्झा’, बाजारात आला. १९८४ मध्ये शाळकरी मुलांसाठी ‘बुक इट’ हा वाचनाचा उपक्रम सुरू झाला. ठरलेले वाचन पूर्ण करणाऱ्या मुलाला त्यात एक लहान पिझ्झा बक्षीस मिळे. रंगीत काचेचे टांगते दिवे, चौकटीचे मेजपोस, लाल प्लास्टिकचे पेले, सॅलडचा खुला मांडव आणि कोपऱ्यातील व्हिडिओ खेळाचे यंत्र, अशी या उपाहारगृहाची अंतर्रचना ठरून गेलेली होती. आज स्मरणरंजनात वारंवार येणारी सामग्री हीच आहे. पिझ्झ्याइतकेच, किंबहुना काकणभर अधिकच, हे पेले आणि दिवे आठवले जातात, ही बाब लक्षणीय होय.

समाजशास्त्रज्ञ जॉर्ज रिट्झर यांनी १९९३ च्या आपल्या ग्रंथात मॅक्डोनल्ड्सच्या उदाहरणावरून आधुनिक समाजाची चार लक्षणे सांगितली : कार्यक्षमता, मोजमाप, पूर्वानुमेयता आणि नियंत्रण. रिट्झर यांच्या दृष्टीने साखळी उपाहारगृह म्हणजे माणसाचे माणूसपण कमी करणारी यंत्रणा. परंतु अशाच एका यंत्रणेविषयी लक्षावधी माणसांना आपुलकी वाटावी, या विसंगतीचा उलगडा केवळ त्या चार लक्षणांनी होत नाही. छप्पर सगळीकडे एकच होते. त्याखाली साजरा झालेला वाढदिवस मात्र ज्याचा त्याचा होता. एकसारख्या साच्यात प्रत्येकाचे वेगळे आयुष्य सामावले गेले, हे रिट्झर यांच्या मांडणीत पुरेसे दिसत नाही.

ऱ्हास चवीत शोधावा की प्रक्रियेत?

गुणवत्ता खरोखर घसरली काय, हे ठरवण्यात एक मोठी अडचण आहे. १९८५ चा पिझ्झा आज कोणापाशीही शिल्लक नाही. ग्रंथाची जुनी आवृत्ती काढून नव्या आवृत्तीशी ताडून पाहता येते. पदार्थाच्या बाबतीत मूळ संहिताच खाल्ली गेलेली असते. म्हणून खाद्यसमीक्षेला जिभेच्या साक्षीपेक्षा प्रक्रियेच्या साक्षीवर अधिक विसंबावे लागते.

प्रक्रियेची साक्ष बरीच स्पष्ट आहे. पूर्वी उपाहारगृहातच पीठ मळले जाई, तेल लावलेल्या तव्यात ते फुगू दिले जाई आणि भट्टीत त्याचा तळ जवळजवळ तळल्यासारखा कुरकुरीत होई. पुढे कारखान्यातून गोठवून आलेले पीठ वापरात आले. गोठण्याच्या क्रियेत यीस्टच्या काही पेशी मरतात. बर्फाचे स्फटिक ग्लुटेनची जाळी दुबळी करतात. मृत पेशींतून बाहेर पडणारी द्रव्ये ती आणखी सैल करतात. त्याची भरपाई म्हणून यीस्टचे प्रमाण वाढवावे लागते आणि पिठाला बळकटी देणारे पदार्थ मिसळावे लागतात. असा पिझ्झा वाईटच लागतो असे नाही. परंतु तो वेगळा असतो, हे नाकारता येत नाही. ‘पिझ्झा तोच आहे’ हे उत्तर निदान या मुद्द्यावर टिकत नाही.

या संदर्भात अमेरिकेतील एक न्यायालयीन वाद उद्बोधक ठरतो. ‘पापा जॉन्स’ ही प्रतिस्पर्धी साखळी आपले घटक अधिक चांगले, म्हणून आपला पिझ्झा अधिक चांगला, असे घोषवाक्य वापरीत असे. आपण गाळलेले पाणी वापरतो आणि यीस्टला काही दिवस काम करू देतो, सर्वांत मोठी साखळी मात्र नळाचे पाणी आणि गोठवलेले किंवा त्याच दिवशी मळलेले पीठ वापरते, असा तिच्या जाहिरातींचा रोख होता. १९९८ मध्ये पिझ्झा हटने दावा दाखल केला. खालच्या न्यायालयात निकाल पिझ्झा हटच्या बाजूने लागला. परंतु २००० साली अपील न्यायालयाने तो फिरवला. ‘अधिक चांगला’ हे स्वतंत्रपणे पाहता मोजता न येणारे मत आहे, त्याला वस्तुस्थितीचे विधान म्हणता येत नाही. आणि जाहिरातींतील तुलनेमुळे ग्राहकांचा निर्णय बदलला हे सिद्ध झालेले नाही, असे त्या न्यायालयाचे म्हणणे होते.

या वादातील सर्वांत मार्मिक भाग निकालात नसून युक्तिवादात आहे. पाणी गाळलेले असो वा नळाचे, टोमॅटोचा रस ताज्या फळाचा असो वा घट्ट लगद्यापासून पुन्हा केलेला असो, अंतिम पदार्थात मोजण्याजोगा फरक पडत नाही, असे दाखवण्याचा प्रयत्न पिझ्झा हटने केला होता. प्रक्रियेतील फरक चवीत उतरत नाही, ही भूमिका एकदा घेतली की स्वस्त प्रक्रियेच्या मार्गातील अखेरची हरकतही दूर होते. जुन्या ग्राहकांची तक्रार नेमकी याच भूमिकेविरुद्ध आहे. न्यायालयात जे मोजता आले नाही, ते आपल्याला जाणवते, असे ते सांगतात. मापनाची अक्षमता म्हणजे फरकाचा अभाव नव्हे, हे साहित्याच्या अध्यापकांना तरी वेगळे सांगण्याची आवश्यकता नाही.

बसण्याच्या जागेचा प्रश्न

असे असले तरी सारा दोष पिठावर टाकणेही योग्य ठरणार नाही. येथे ‘डॉमिनोज’ या साखळीशी तुलना उपयुक्त आहे. २००९ च्या अखेरीस डॉमिनोजने आपली पाककृती मुळापासून बदलली आणि पुढच्या वर्षीच्या जाहिरातींत आपलेच दोष उघड केले. पिझ्झ्याचा पाव पुठ्ठ्यासारखा लागतो, हे ग्राहकांचे मत कंपनीने स्वतःच दाखवले. त्यानंतर तिच्या व्यवसायाची भरभराट झाली. म्हणजे साखळीचा पिझ्झा काळानुसार बिघडतच जातो, असा काही नियम नाही. तो सुधारूही शकतो.

परंतु डॉमिनोजच्या जुन्या दिवसांविषयी पिझ्झा हटइतका जिव्हाळा आढळत नाही. याचे एक कारण असे संभवते की डॉमिनोज मुख्यतः घरपोच सेवेचे दुकान होते. तेथे आठवण्याजोगी खोली नव्हती. दोन साखळ्यांत इतरही भेद आहेत, त्यामुळे या तुलनेला निर्णायक पुरावा मानता येणार नाही. तरी तिच्यातून एक दिशा निश्चित मिळते : स्मरणरंजन रश्श्यापेक्षा आसनाला अधिक चिकटलेले असते.

आसन आणि चव यांचा संबंध केवळ भावनिक नाही, तो भौतिकही आहे. तव्यातील पिझ्झ्याचा कुरकुरीतपणा भट्टीतून काढल्यावर अल्पकाळच टिकतो. पुठ्ठ्याच्या बंद खोक्यात वाफ कोंडते आणि तळ मऊ पडतो. मेजावर तापलेल्या तव्यात येणारा पिझ्झा आणि खोक्यातून घरी येणारा पिझ्झा, हे पीठ तेच असले तरी दोन भिन्न अनुभव असतात. गुणवत्ता ही वस्तूत बंदिस्त नसून वस्तू आणि प्रसंग यांच्या संयोगात असते, हे यावरून लक्षात येते.

हा संयोग मोडण्यामागे अर्थकारण आहे. घरपोच सेवेच्या काळात मोठ्या बैठकीची इमारत भाड्याने, विजेने आणि नोकरांच्या पगाराने जड होत गेली. ‘एनपीसी इंटरनॅशनल’ ही अमेरिकेतील पिझ्झा हटची सर्वांत मोठी परवानाधारक कंपनी बाराशेहून अधिक शाखा चालवीत होती. जुलै २०२० मध्ये तिने दिवाळखोरीचा अर्ज केला आणि पाठोपाठ सुमारे ३०० शाखा बंद करण्याचे ठरले. त्यांतील बहुसंख्य शाखा बसून खाण्याच्या होत्या. नोव्हेंबर २०२५ मध्ये ‘यम’ या मालक कंपनीने पिझ्झा हटच्या भवितव्याचा फेरविचार जाहीर केला. लहान गावात अशी शाखा बंद होते तेव्हा मुलांचा संघ सामन्यानंतर जेथे जाई, मध्यमवर्गीय कुटुंबाला जेथे खिशाला परवडेल अशा दरात तासभर बसता येई, ते ठिकाण नाहीसे होते. पिझ्झ्याची तक्रार ही अनेकदा या दुसऱ्या, अधिक गंभीर हानीची भाषा असते.

स्मरणरंजनाची दोन रूपे

‘नॉस्टॅल्जिया’ हा शब्द १६८८ साली योहान्स होफर या वैद्यकाच्या विद्यार्थ्याने बाझेल येथील प्रबंधात प्रथम वापरला, तो रोगाचे नाव म्हणून. स्वेतलाना बॉइम यांनी २००१ च्या आपल्या ग्रंथात त्याची दोन रूपे वेगळी केली. हरवलेले जसेच्या तसे उभारू पाहणारे पुनःस्थापक रूप आणि हरवलेपणाचाच विचार करणारे चिंतनशील रूप, अशी ती होत. कंपनीला अर्थातच पहिले रूप सोयीचे असते. पिझ्झा हटने २०१९ मध्ये जुने लाल छपराचे बोधचिन्ह परत आणले. काही शाखांना जुना साजही चढवला. बोधचिन्ह परत आणणे स्वस्त असते. रोज पहाटे पीठ मळणारे हात आणि तासभर रिकामे बसू देणारी खोली परत आणणे महाग असते.

याचा अर्थ स्मरणरंजन निर्दोष आहे असा नव्हे. त्याच खोलीत अल्प वेतनावर राबणारी तरुण मुले या आठवणींत क्वचित दिसतात. न्यूयॉर्कमधील इटालियन स्थलांतरितांच्या भट्ट्यांशी ज्यांचा परिचय होता, त्यांना १९७० च्या दशकातील लाल छपराखालचा पिझ्झा हाच ऱ्हास वाटला असणे शक्य आहे. प्रत्येक पिढीचा सुवर्णकाळ हा आधीच्या पिढीचा पडझडीचा काळ असू शकतो. शिवाय हीच साखळी १९९६ मध्ये बंगळूरमार्गे भारतात आली तेव्हा तिचे स्थान वेगळे होते. अमेरिकेतील लहान गावात जी सर्वसाधारण जागा होती, ती उदारीकरणानंतरच्या भारतीय शहरात प्रतिष्ठेची जागा झाली. त्यामुळे मुंबई-पुण्यातील एखाद्या चाळिशीच्या ग्राहकाची हळहळ आणि कॅन्ससमधील ग्राहकाची हळहळ यांचा शब्द एक असला, तरी आशय एक मानता येणार नाही.

निष्कर्ष

साखळी उपाहारगृहाच्या पिझ्झ्याविषयीच्या तक्रारीत तीन स्तर एकमेकांत मिसळलेले आहेत : वस्तूचा, प्रसंगाचा आणि स्मृतीचा. वस्तूच्या स्तरावर बदल झाला, याला प्रक्रियेची साक्ष आहे. प्रसंगाच्या स्तरावरील हानी त्याहून मोठी आहे, कारण तीत एक सार्वजनिक जागा नाहीशी होते. स्मृतीच्या स्तरावर अतिशयोक्ती होते, हेही मान्य करावे लागते. परंतु अतिशयोक्ती आढळली म्हणून तक्रार खोटी ठरत नाही. समीक्षेने या तिन्ही स्तरांचा निवाडा स्वतंत्रपणे केला पाहिजे. तसे न केल्यास ‘सगळे बिघडले’ म्हणणारा आणि ‘काहीच बदलले नाही’ म्हणणारा, असे दोघेही कंपनीच्या उपयोगी पडतात : पहिल्याला ती जुने बोधचिन्ह विकते आणि दुसऱ्याला गोठवलेले पीठ.