न पाडलेल्या नाण्याची बातमी

मागच्या व्याख्यानानंतर एकदोघांनी विचारलं, की तत्त्वज्ञानाच्या माणसाला नाण्यांशी काय करायचंय? रास्त प्रश्न आहे. नाणकशास्त्र हा माझा विषय नव्हे, छंद आहे, आणि तोही निवृत्तीनंतर जडलेला. पण आज मी नाण्यांपेक्षा नाण्यांच्या बातम्यांबद्दल बोलणार आहे, आणि त्या खटल्यात एक आरोपी म्हणून मीही उभा आहे. तिथूनच सुरुवात करतो.

सातआठ वर्षांपूर्वी ‘धर्म आणि राज्यसत्ता’ या विषयावर मी एक व्याख्यान दिलं होतं. त्यात उदाहरण म्हणून सांगितलं, की ईस्ट इंडिया कंपनीने १८१८ साली एक आण्याचं नाणं काढलं आणि त्यावर राम, लक्ष्मण, सीता आणि मारुती होते. परक्या व्यापाऱ्यालाही इथल्या देवांपुढे नमावं लागलं, असा माझा निष्कर्ष. आधाराला एका दैनिकाचं कात्रण होतं, छायाचित्रासकट. टाळ्या पडल्या. कार्यक्रम संपल्यावर पुण्याच्या जुन्या बाजारात नाणी घेऊन बसणारे एक गृहस्थ जवळ आले आणि हळूच म्हणाले, “सर, रागावू नका, पण हे नाणं कुणी पाडलेलंच नाही.” मग खिशातून १८३५ चा कंपनीचा एक खराखुरा पाव आणा काढून त्यांनी माझ्या तळहातावर ठेवला. मी तीस वर्षं तर्कशास्त्र शिकवलं होतं. पुरावा कशाला म्हणतात हे मला त्या दिवशी फुटपाथवर धंदा करणाऱ्या माणसाने शिकवलं.

घरी येऊन ते कात्रण पुन्हा वाचलं. आज तुमच्यासमोर त्याची चिकित्सा करतो, कारण अशा बातम्या अजून येतात आणि सगळ्या एकाच साच्यातून निघतात. नाण्यावर इंग्रजीत ‘ईस्ट इंडिया कंपनी’ होतं, ‘वन आना’ होतं, १८१८ होतं आणि वर ‘यूकेएल’ अशी तीन अक्षरं. आता बघा. सगळ्या हिंदुस्थानसाठी एकसारखी नाणी कंपनीने सुरू केली ती १८३५ मध्ये. तोवर बंगाल, मद्रास आणि मुंबई या तिन्ही इलाख्यांच्या टांकसाळी आपापल्या परीने नाणी पाडत. ‘यूकेएल’ हे कंपनीच्या कुठल्याच नाण्यावर नाही. एक आण्याचं नाणं तर इथे आलं विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात, तेही तांबं आणि निकेलच्या मिश्रणाचं. तेव्हा कंपनी जाऊन जवळजवळ अर्धं शतक लोटलं होतं. याच जातीच्या ‘नाण्यां’वर कधी १७१७ असतं, कधी १६१६. १६१६ साली कंपनीचं इथे काय चाललं होतं? सर टॉमस रो जहांगीराच्या दरबारात व्यापाराच्या सवलती मागत होता. मद्रास वसायला अजून तेवीस वर्षं होती आणि मुंबई कंपनीकडे यायला बावन्न. नाणं कुठे पाडणार, गलबतावर?

म्हणजे ही वस्तू काय आहे? देवाची चित्रं असलेल्या, पूजेत ठेवायच्या मुद्रा आपल्याकडे जुन्या काळापासून आहेत. रामदरबार असलेल्या मुद्रेला रामटंका म्हणतात. आपल्या देव्हाऱ्यात टाक असतात, तसाच हा श्रद्धेचा प्रकार, आणि त्यात काही खोटं नाही. त्यावर कंपनीचं नाव आणि साल घातलं, की तिथे लबाडी सुरू होते.

पण मला सगळ्यात खटकलं ते वेगळंच. खोट्या नाण्याच्या मागे धावताना आम्ही खरं नाणं पाहिलंच नाही. कंपनीने देवाची नाणी पाडली होती! मद्रासच्या सेंट जॉर्ज किल्ल्यात. ‘तीन स्वामी पगोडा’ नावाच्या छोट्या सोन्याच्या नाण्यावर दोन देवींसह उभा विष्णू आहे. त्यानंतरच्या ‘स्टार पगोडा’वरही विष्णूच आहे. १८०८ नंतर काही वर्षं निघालेल्या नाण्यांवर एका बाजूला देवळाचं गोपुर आणि दुसऱ्या बाजूला विष्णू आहे. आणि गंमत ऐका. मद्रास इलाख्यात पगोडा बाजूला सारून चांदीचा रुपया हे प्रमाण चलन ठरवलं गेलं ते साल १८१८! खोटं नाणं ज्या वर्षी कंपनीला रामभक्त करतं, नेमक्या त्या वर्षी कंपनी देवाचं नाणं बंद करत होती.

बरं, मद्रासचा विष्णू तरी भक्तीपोटी होता का? नाही. दक्षिणेत विजयनगरच्या काळापासून लोकांच्या हाताला तो घाट माहीत होता. सराफ ओळखीचं नाणं बिनबोभाट घेतो, अनोळखी नाण्याला बट्टा लावतो. कंपनीला बट्टा नको होता, एवढंच.

तेव्हा माझी चूक दुहेरी होती. पुरावा खोटा होता हे एक. पण तो खरा असता तरी निष्कर्ष निघत नव्हता. नाण्यावरच्या चित्रावरून पाडणाऱ्याच्या मनात काय होतं हे कळत नाही. महंमद घोरीच्या सोन्याच्या नाण्यावर बसलेली लक्ष्मी आहे आणि त्याचं नाव नागरी लिपीत आहे. गझनीच्या महमूदाने पंजाबात चांदीची नाणी पाडली, त्यांवर एका बाजूला कलमा अरबीत आणि दुसऱ्या बाजूला त्याचा अर्थ चक्क संस्कृतात. या नाण्यांवरून घोरीला देवीभक्त ठरवणारेही चुकतात, आणि आपल्या समजुतीत बसत नाहीत म्हणून ही नाणीच नाकारणारेही चुकतात.

आपल्या घराजवळचं उदाहरण घ्या. १८१८ म्हणजे पेशवाई बुडाली ते वर्ष. तेव्हा मुंबईच्या टांकसाळीतून निघणाऱ्या ‘सुरती’ रुपयावर नाव होतं बादशाह शाह आलमचं. शाह आलम १८०६ मध्येच वारला होता! आणि त्यावर त्याच्या राज्यारोहणाचं ४६ वं वर्ष, तेच ते, वर्षानुवर्षं छापलेलं. मराठ्यांच्या टांकसाळीतल्या अंकुशी आणि चांदवडी रुपयांवरही बादशाहाचंच नाव फारसीत आहे. म्हणून शेत नांगरताना हंडा निघाला आणि वार्ताहराने फारसी अक्षरं पाहिली, की बातमी येते ‘मोगलकालीन नाणी सापडली’. ती मराठ्यांनी पाडलेली असू शकतात हे सांगायला वाचणारा जाणकार लागतो, आणि त्याला विचारायला एक दिवस थांबावं लागतं. तो एक दिवस कुणाकडे नसतो. खरं नाणंसुद्धा सरळ बोलत नाही हो. त्याच्यावरचं साल आणि नावदेखील तपासून घ्यावं लागतं.

आता या बातम्यांच्या भाषेकडे या. ‘असा दावा केला जात आहे’, ‘असे सांगितले जाते’, ‘कोट्यवधींची किंमत असल्याची चर्चा आहे’. सगळा कर्मणी प्रयोग. कर्ता कुठेच नाही. दावा कोण करतंय, सांगतंय कोण, चर्चा कुठल्या ओट्यावर झाली? नाण्याचं वजन किती हे मी तरी अशा बातमीत एकदाही वाचलेलं नाही. वास्तविक १८३५ च्या पाव आण्याचं वजन कायद्याने १०० ग्रेन, म्हणजे साधारण साडेसहा ग्रॅम ठरलेलं होतं. वाण्याच्या तराजूवरही निम्मी चौकशी होते. शिवाय मागितलेली किंमत आणि मिळालेली किंमत यांत फरकच केला जात नाही. मी माझ्या चपलेची किंमत एक कोटी सांगू शकतो, त्याची बातमी होत नाही. ‘जुनं’ आणि ‘दुर्मीळ’ यांचीही अशीच गल्लत. साधी शिवराई तीनशे वर्षांची असली तरी जुन्या बाजारात काही शे रुपयांत मिळते, कारण ती प्रचंड संख्येने पाडली गेली. उलट सहाव्या जॉर्जचा १९३९ चा रुपया त्या मानाने कालपरवाचा, पण संग्राहक त्याच्यासाठी जीव टाकतात.

यात एवढं रागावण्यासारखं काय, असं तुम्ही म्हणाल. आमच्या इमारतीतले एक निवृत्त कारकून आहेत. त्यांच्याकडे वैष्णोदेवीचं चित्र असलेलं २०१२ चं पाच रुपयांचं नाणं होतं. चलनात आलेलं, साधं नाणं. ‘हे नाणं तुम्हाला करेल लखपती’ असं त्यांनी वाचलं आणि कुठल्याशा क्रमांकावर फोन केला. आधी नोंदणी शुल्क, मग कर, मग रिझर्व्ह बँकेचं म्हणून एक प्रमाणपत्र. अठरा हजार रुपये गेले. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीर सांगितलं होतं, की जुन्या नोटा-नाण्यांच्या असल्या व्यवहारांशी आमचा संबंध नाही आणि आम्ही कुणाकडून शुल्क वा कमिशन घेत नाही. ते निवेदन त्यांच्यापर्यंत पोचलं नाही, लखपतीची बातमी पोचली. मला म्हणाले, “पेपरात होतं हो प्रोफेसरसाहेब.” मी काय बोलणार? माझ्याही कात्रणाची गोष्ट तीच होती.

उलट दिशेनेही हेच घडतं. दहा रुपयांचं नाणं खोटं आहे, अमुक रेघांचंच खरं, अशी आवई उठली आणि लोक ते घेईनात. जानेवारी २०१८ मध्ये रिझर्व्ह बँकेला सांगावं लागलं, की या नाण्याचे १४ नमुने निघाले आहेत आणि सगळे वैध आहेत. यात मार बसला तो भाजीवाल्या बायकांना. ज्यांनी दिवसभर ती नाणी घेतली, त्यांच्याकडून संध्याकाळी घाऊक व्यापारी ती घेईना.

माझ्या विषयातलं एकच सांगतो. न्यायदर्शनात शब्द, म्हणजे दुसऱ्याचं सांगणं, हेही ज्ञानाचं प्रमाण मानलं आहे. पण सांगणारा आप्त हवा. आप्त म्हणजे नातेवाईक नव्हे. ज्याने वस्तू प्रत्यक्ष जाणली आहे आणि जशी जाणली तशी सांगायची ज्याची इच्छा आहे, तो आप्त. वात्स्यायन तर म्हणतो की ही कसोटी ऋषी, आर्य आणि म्लेच्छ या सगळ्यांना सारखीच लागू आहे. माझं मत असं, की त्या दिवशी आप्त होते ते जुन्या बाजारातले गृहस्थ. त्यांनी अशी शेकडो नाणी हाताळली होती आणि मला खूश करण्याची त्यांना गरज नव्हती. दैनिकाने नाणं पाहिलं नव्हतं, छायाचित्र पाहिलं होतं. मी तर छायाचित्राचं छायाचित्र पाहिलं होतं, आणि डॉक्टरेटच्या जोरावर ते चारशे लोकांना सांगितलं.

त्या दैनिकाला मी पत्र लिहिलं होतं. छापून आलं नाही, उत्तरही नाही. पण माझ्या त्या जुन्या व्याख्यानाचं ध्वनिमुद्रण अजून लोक ऐकतात, एकमेकांना पाठवतात. म्हणून इथल्या संयोजकांना माझी जाहीर विनंती आहे: त्याच्या सुरुवातीला ‘यातील १८१८ च्या नाण्याविषयीचे विधान चुकीचे आहे’ एवढं एक वाक्य जोडा. माझ्याच आवाजात हवं असेल तर आज संध्याकाळीच रेकॉर्ड करून देतो.

तो पाव आणा मी आज बरोबर आणला आहे. त्या गृहस्थांनी पैसे घेतले नाहीत, मीच बळेबळे दिले. प्रश्नोत्तरं चालू असताना तो रांगेतून फिरवू. फक्त शेवटच्या रांगेतून परत माझ्याकडे येऊ द्या. हं, विचारा आता.