जोडेघाटचे रान आणि पडद्यावरची मैत्री

आश्विन पौर्णिमेच्या रात्री आपल्याकडे कोजागरीचे दूध आटते आणि देवळांतून जागर होतो. त्याच तिथीला आदिलाबादच्या डोंगराळ मुलुखात, जोडेघाट नावाच्या एका लहानशा गावी, गोंड लोक आपल्या एका पुरुषाची पुण्यतिथी पाळतात. इंग्रजी तारखेविषयी लेखकांचे एकमत नाही. तिथीविषयी गोंडांच्या मनात मात्र संदेह नाही. निजामाच्या पोलिसांच्या गोळीबारात १९४० साली जोडेघाटास पडलेले कोमराम भीम ते हेच होत. आदिलाबाद जिल्ह्याचे २०१६ साली विभाजन झाले, तेव्हा त्यांतून निघालेल्या एका नव्या जिल्ह्यास त्यांचे नाव देण्यात आले आणि जोडेघाट आता त्या जिल्ह्यात मोडते.

हे नाव जगभर नेले ते मात्र एका बोलपटाने. एस. एस. राजमौली यांचा ‘आरआरआर’ मार्च २०२२ मध्ये प्रदर्शित झाला आणि पुढील वर्षी त्यातील एका गीतास ऑस्कर पारितोषिक मिळाले. आमच्या वाचकांपैकी पुष्कळांनी तो पाहिला असेल. त्याचे नुसते परीक्षण लिहिण्याची वेळ केव्हाच टळून गेली आहे, आणि गल्ल्याच्या आकड्यांशी आम्हांस कर्तव्य नाही. आज आम्ही एकाच प्रश्नाचा विचार करू इच्छितो. अन्यायी सत्तेविरुद्ध निरनिराळ्या मुलुखांतील माणसे एकमेकांस कशी साहाय्य करतात, याचे एक चित्र हा बोलपट रंगवितो. ते चित्र कितपत खरे आहे?

प्रथम त्याचे गुण मान्य केले पाहिजेत. दोन पुरुषांच्या स्नेहाला एवढी भव्य आणि इतकी निर्मळ जागा देणारे बोलपट आपल्याकडे फार नाहीत. आदिलाबादच्या रानातून मल्ली नावाची एक गोंड मुलगी इंग्रज गव्हर्नर उचलून नेतो. तिला सोडविण्यासाठी भीम दिल्लीस जातो. तेथे त्याची रामराजूशी गाठ पडते. मैत्री, वंचना, पश्चात्ताप आणि पुनर्मीलन अशा पायऱ्यांनी कथा चढत जाते. पुलाखाली दोघांचे हात एकमेकांत गुंततात तो प्रसंग, किंवा तुरुंगातून सुटताना भीम रामास खांद्यावर घेऊन लढतो तो प्रसंग, हरदासाच्या आख्यानात शोभण्यासारखा आहे. पुराणकथेवर पोसलेल्या आपल्या मनाला त्यातील खुणा चटकन कळतात. कथा काल्पनिक आहे, हेही निर्मात्यांनी आरंभीच सांगून टाकले आहे.

अल्लुरी सीताराम राजू आणि कोमराम भीम हे कधीच भेटले नव्हते. पण तेवढ्यावरून दिग्दर्शकास दोष देणे आम्हांस रास्त वाटत नाही. महाभारतातला दुष्यंत शकुंतलेला ओळखूनही नाकारतो. कालिदासाने दुर्वासाचा शाप आणि अंगठी आणून ती कथा बदलली, आणि भवभूतीने तर रामसीतेचे पुनर्मीलन घडवून आणले. कवीला हा अधिकार आहेच. परंतु या दोघांनी जे बदलले त्यामुळे मूळ कथेतील दुःखाचे कारण अधिक खोल झाले, ते नाहीसे झाले नाही. कथाबीज बदलणाऱ्या प्रत्येक कलावंतास हीच कसोटी लावावी, असे आमचे मत आहे. तो बदल मूळ वेदनेकडे घेऊन जातो, की तिच्यापासून दूर नेतो?

कोमराम भीम यांचे भांडण कशाबद्दल होते? जमिनीबद्दल आणि रानाबद्दल. निजामाच्या राज्यात गोंडांच्या पिढीजात वस्त्यांभोवती राखीव जंगलांच्या रेषा आखल्या गेल्या. ज्या जमिनी ते कसत आले होते, त्यांवर त्यांचा कागदोपत्री हक्क नव्हता. बाहेरून आलेल्या, कागद जाणणाऱ्या लोकांनी पट्टे मिळविले. आणि जंगल खात्याच्या नोकरांनी राने साफ केली म्हणून वस्त्या उठविल्या. भीम आणि त्यांच्या सोबत्यांनी जोडेघाटच्या परिसरात ठाण मांडले, सरकारकडे दाद मागितली, ती मिळाली नाही, आणि अखेरीस बंदुका आल्या. पाणी, रान आणि जमीन ही जी त्रयी आज देशभर घोषणा होऊन बसली आहे, ती त्यांच्याच नावाशी जोडली जाते.

आता सीताराम राजूंकडे पाहावे. १९२२ ते १९२४ या काळात गोदावरीच्या खोऱ्यातील रम्पा भागात त्यांनी जे बंड उभारले, त्याच्या मुळाशीही मद्रास इलाख्याचा १८८२ चा जंगल कायदा, डोंगरउतारांवरील ‘पोडू’ शेतीवर आलेली बंधने आणि वेठबिगार हीच कारणे होती. मे १९२४ मध्ये ते मारले गेले. एक इंग्रजी अमलाखाली लढला, दुसरा एका संस्थानिकाच्या. पण दोघांच्याही समोर उभा होता तो रानाची मोजणी करणारा, कर वसूल करणारा आणि झोपडी पेटविणारा एकाच जातीचा अंमलदार. हे त्यांचे खरे नाते होय. ते एकमेकांस न भेटताच जुळले होते.

बोलपटाने नेमके हेच नाते काढून टाकले आहे. त्याच्या जागी एक पळविलेली मुलगी आणि एक क्रूर इंग्रज दांपत्य आले. रान राहिले ते वाघांशी झुंजण्यापुरते. निजामाचे राज्य राहिले ते एका दूतापुरते, आणि तोही दिल्लीला येऊन इंग्रजांना सावध करून जातो. २०२० साली बोलपटाची पहिली झलक आली तेव्हा वेषांतर केलेल्या भीमाच्या डोक्यावरील टोपीवरून मोठा गदारोळ उडाला. आमच्याही परिचितांत त्यावर तावातावाने बोलणे झाले. टोपी हे वेषांतर होते. ते कथेत उतरविलेही जाते. मात्र पट्टा, पोडू आणि जंगलखाते हे शब्द कथेतून गेले, याबद्दल कोणी हळहळले नाही.

आणखी एक स्थळ आम्हांस विशेष खटकले. अखेरीस राम भीमाला विचारतो की तुला काय हवे. आणि भीम आपल्या लोकांसाठी विद्या मागतो. प्रसंग हृद्य आहे. परंतु त्यामुळे रानातला माणूस निरक्षर बळाचा आणि मैदानातला माणूस अक्षरांचा स्वामी, ही जुनीच वाटणी पक्की होते. वस्तुतः भीमांची जी चरित्रकथा आदिलाबादेत सांगितली जाते, आणि जिला साहू व अल्लम राजय्या यांनी तेलुगू कादंबरीचे रूप दिले, ती याच्या अगदी उलट आहे. त्या कथेप्रमाणे तरुण भीम गाव सोडून चांद्यास आले. तेथे विठोबा नावाच्या एका छापखानेवाल्याने त्यांना आसरा दिला. त्या छापखान्यात ते अक्षरे शिकले आणि परक्या भाषा शिकले. विठोबास अटक झाल्यावर ते आसामात चहाच्या मळ्यांवर मजुरीस गेले, तेथील मजुरांच्या लढ्यात पडले आणि पुन्हा आपल्या रानात परतले. रम्पाच्या बंडाची वार्ताही त्यांना तिकडेच कळली, असे म्हणतात.

या कथेत दंतकथेचा अंश किती, हे आज काढणे कठीण आहे. पण समाजाने ती जपली आहे, आणि साहाय्याचे स्वरूप तिला बोलपटापेक्षा अधिक नेमके कळले आहे. चांद्याचा एक मुद्रक, आसामातले अनोळखी मजूर, आंध्रातल्या बंडाची कानोकानी आलेली बातमी, एवढ्या सामग्रीवर एक गोंड पुरुष उभा राहिला. कोणी त्यास खांद्यावर घेतले नाही. कोणी निजायला जागा दिली, कोणी खिळे जुळवायला शिकविले. विठोबाचे तर आडनावही कथेत उरले नाही.

आदिलाबादच्या इतिहासात हे नवे नव्हते. १८५७ नंतर रामजी गोंड यांनी निर्मळ भागात जो लढा दिला, त्यात गोंडांबरोबर रोहिलेही होते. १८६० साली त्यांना निर्मळ येथे फाशी झाली. सहस्र शिरांचा वड म्हणून त्या झाडाचे नाव आजही लोकांच्या तोंडी आहे. भाषा, धर्म आणि मुलूख निराळे असलेली माणसे तेथे एकत्र लढली आणि एकत्र मेली.

साहाय्य हे नेहमी असे निर्भेळ असते असेही नाही. भीम पडल्यानंतर गोंडांची गाऱ्हाणी तपासण्याचे काम क्रिस्टोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ या ऑस्ट्रियन मानववंशशास्त्रज्ञाकडे आले. महायुद्धामुळे ते हैदराबादेत अडकून पडले होते. ज्या सरकारच्या गोळ्यांनी भीम पडले, त्याच सरकारचे हे सल्लागार. तरीही त्यांनी जमिनीच्या पट्ट्यांसाठी खटपट केली, मारलवाई गावी गोंड शिक्षक तयार केले, आणि गोंडीची क्रमिक पुस्तके आपल्याच देवनागरी लिपीत निघाली. त्यांच्या पत्नी बेटी यांची समाधी मारलवाईस आहे. केस्लापूरच्या नागोबाच्या जत्रेत, जेथे मेश्राम कुळातील लोक गोदावरीचे पाणी पायी वाहून आणतात, तेथे देवाच्या दारी अंमलदारांनी बसून गाऱ्हाणी ऐकण्याचा दरबारही त्यांच्याच सूचनेने सुरू झाला. या गृहस्थांना क्रांतिकारक कोण म्हणेल? परंतु पट्टा हाती आलेल्या गोंडास तो कोणाच्या हातून आला याची चिकित्सा करण्याचे कारण नव्हते.

आमच्या कोकणी वाचकांना हे सारे दूरचे वाटू नये. एप्रिल १९६१ मध्ये कासाब्लांका येथे पोर्तुगीज वसाहतींतील राष्ट्रवादी संघटनांची परिषद भरली. सालाझारच्या हुकूमशाहीखाली भरडले जाणारे अंगोला, मोझांबिक, गिनी आणि आपला गोवा यांचे कार्यकर्ते तेथे एका मेजाभोवती बसले. त्या कामात असलेले गोमंतकीय आकीनो द ब्रागांसा यांचा गोवा त्याच वर्षी १९ डिसेंबरला मुक्त झाला. त्यांना घरी परतता आले असते. ते मोझांबिकच्या कामात राहिले, आणि १९८६ साली अध्यक्ष सामोरा माशेल यांच्याबरोबर विमान-अपघातात गेले.

किंवा मोहन रानडे यांचे उदाहरण घ्यावे. गोव्यातील सशस्त्र लढ्यात १९५५ साली पकडलेले हे शिक्षक गोवा मुक्त झाल्यावरही पोर्तुगालच्या तुरुंगात खितपत होते. सुधीर फडके यांनी त्यांच्या सुटकेसाठी जिवाचे रान केले. १९६८ साली मद्रासचे मुख्यमंत्री अण्णादुराई पोपच्या भेटीस गेले आणि त्यांनी रानड्यांसाठी शब्द टाकला. देवळाच्या पायरीशी ज्यांचे फारसे सख्य नव्हते असा एक तमिळ पुढारी, ख्रिस्ती धर्मगुरूपाशी, एका मराठी कैद्यासाठी रदबदली करतो, असा प्रसंग कोणा पटकथाकाराने लिहिला असता तर आपण त्यास हसलो असतो. जानेवारी १९६९ मध्ये रानडे सुटले.

आणि आपली दैवते? सोळाव्या शतकात कुशस्थळीचा मंगेश आणि केळशीची शांतादुर्गा नदीपार अंत्रुज महालात आणली गेली, तेव्हा तो मुलूख आदिलशाहीचा होता. होडी कोणी वल्हविली, पहिल्या रात्री दिव्याचे तेल कोणी दिले, त्यांची नावे कोणत्याही शिलालेखावर नाहीत. ज्या समाजाचे देवच अनोळखी माणसांच्या साहाय्याने वाचले, त्याने विठोबा छापखानेवाल्याची कथा परकी मानू नये.

म्हणून ‘आरआरआर’वरील आमचा आक्षेप इतिहासाच्या तपशिलाचा नाही. या बोलपटाने साहाय्यास पराक्रमाचा अलंकार केले, आणि ज्या गोष्टीसाठी साहाय्य हवे होते तीच कथेतून वगळली. इंग्रज गव्हर्नर मरतो, शस्त्रे लुटली जातात, मुलगी घरी येते. प्रेक्षक समाधानाने उठतो. रानाचा प्रश्न पडद्यावर आलाच नाही, म्हणून तो सुटलेलाही वाटतो.

तो सुटलेला नाही. २० एप्रिल १९८१ रोजी, राज्य निजामाचे नव्हते आणि इंग्रजांचेही नव्हते तेव्हा, इंद्रवेल्ली येथे जमिनीच्या हक्कांसाठी जमलेल्या गोंडांवर पोलिसांनी गोळ्या झाडल्या. सरकारने मृतांचा आकडा १३ सांगितला. नागरी हक्कांच्या कार्यकर्त्यांनी त्याहून पुष्कळ मोठा. तेथे एक स्मारकस्तंभ उभा आहे. केस्लापूरची जत्रा याच इंद्रवेल्ली मंडलात भरते.

बासरच्या सरस्वतीच्या दर्शनास मराठी मुलुखातून नेहमी मंडळी जातात. मुलांची अक्षरारंभाची पाटी तेथे पुजली जाते. बासरही पूर्वी आदिलाबाद जिल्ह्यातच होते. पुढल्या वेळी ज्यांस एक दिवस अधिक काढता येईल त्यांनी इंद्रवेल्ली आणि जोडेघाट पाहून यावे, आणि तेथील कोणा वृद्धास चांद्याच्या त्या छापखान्याची गोष्ट विचारावी. त्या बाजूस मराठी अजून पुष्कळांना समजते.