फ्लू यांचा प्रश्न नास्तिकालाही

‘नास्तिकानं तर आधीच निकाल लावलाय, मग त्याचं मन खुलं कसं?’ असं नेहमी विचारलं जातं. अँटनी फ्लू या ब्रिटिश तत्त्वज्ञाच्या लेखनातून त्याकडे पाहू.

१९५० साली फ्लू यांनी श्रद्धावंतांना विचारलं: काय घडलं, तर ईश्वर नाही असं तुम्ही मान्य कराल? काहीही घडलं तरी विधान कायम राहणार असेल, तर त्यात सांगितलं तरी काय? प्रश्न बिनतोड आहे. पण तो नास्तिकालाही लागू होतो, बरं का.

१९७२च्या निबंधात त्यांनी न्यायालयाचा दाखला दिला. गुन्हा सिद्ध होईपर्यंत आरोपी निर्दोष. तसंच, पुरावा मिळेपर्यंत ईश्वर मानायचा नाही. हे गृहीतक झालं, निकाल नव्हे. पुरावा आला की ते सोडायचं. अशा नास्तिकतेत खुलेपणाला जागा आहे.

२००४मध्ये, ऐंशी ओलांडल्यावर, फ्लू यांनी खरंच मत बदललं. विश्वामागे बुद्धिमान कर्ता आहे, असं ते म्हणू लागले. धर्मग्रंथांतला देव मात्र त्यांनी स्वीकारला नाही. त्यांच्या धैर्याचं मला कौतुक वाटतं, पण युक्तिवाद पटत नाही. जीवनाचा उगम, डीएनएची गुंतागुंत अजून पुरती उलगडलेली नाही, एवढ्यानं कर्ता सिद्ध कसा होईल? त्यांच्याच न्यायालयात हा पुरावा टिकला नसता.

म्हणजे बघा, खुल्या मनाला दोन गोष्टी लागतात: आपलं मत कशानं बदलेल ते सांगता येणं, आणि आलेला पुरावा कसून तपासणं. मी स्वतः नास्तिक आहे. दुसरी गोष्ट मला जमते. पहिलीचं माझं उत्तर अजून कच्चं आहे.