‘टाइम’ : चौकटीतील काळ आणि वाचकाचा काळ
चित्रकथेत काळ सूचित होतो तो दोन चौकटींमधील मोकळ्या जागेतून. ती जागा किती वेळात ओलांडावयाची, हे वाचक ठरवितो. अमेरिकन व्यंगचित्रकार रँडल मन्रो यांनी २००५ पासून स्वतंत्रपणे चालविलेल्या ‘एक्सकेसीडी’ या आंतरजालीय चित्रमालेत एकदा हा अधिकार वाचकाकडून काढून घेतला. मार्च २०१३ मध्ये सुरू झालेल्या ‘टाइम’ या कृतीत चौकट एकच. तीतील चित्र मात्र आरंभी अर्ध्या तासाने व पुढे तासातासाने बदलत गेले. समुद्रकाठी वाळूचा किल्ला रचणाऱ्या दोन रेखामानवांची ही कथा चार महिने, ३,०९९ चित्रांपर्यंत चालली. छापील पृष्ठाच्या मर्यादेत ती संभवलीच नसती. २०१४ साली तिला ह्यूगो पुरस्कार लाभला.

समुद्राचे पाणी संथपणे चढत आहे, हा या कथेचा गाभा. तो प्रतीक्षेतूनच प्रत्ययास येतो. आज सर्व चित्रे सलग पाहणाऱ्यास कथानक कळते. प्रतीक्षा मात्र लाभत नाही. म्हणजे येथे प्रकाशन हा बाह्य उपचार नसून आकृतिबंधाचाच घटक आहे. नाटकाची संहिता आणि तिचा प्रयोग यांचे जे नाते, तेच येथे उरलेला चित्रसंग्रह आणि त्याचे मूळ प्रकटन यांचे मानावे लागते.